बियाचा भात

"बाय, आजून घे. लाजतंस काय?" म्हणत ठमीने डाव पालथा केला आणि रंजनाच्या पत्रावळीवर भाताचा दुसरा ढीग पडला.

तांबडा, जाडा, वाफाळता भात. वर वालाचं पाणीदार कालवण. मोहवाडीच्या मधल्या अंगणात तीन पंगती बसल्या होत्या. वाडीतली माणसं होती, पलीकडच्या पाड्यावरची होती, रस्त्याच्या कामावरचे चार बिहारी मजूरसुद्धा कोणीतरी हाताला धरून आणून बसवले होते. बदलापूरपासून रिक्षाने पाऊण तास आणि डांबर संपल्यावर पायी वीस मिनिटं, असा उन्हाचा प्रवास करून रंजना आणि तिचा नवरा आनंदा इथे आले होते ते निरोपामुळे. निरोप एवढाच होता की रविवारी जेवायला या, लग्न आहे.

"पण लग्न कोणाचं गं?" रंजनाने विचारलं. नवरा दिसेना, नवरी दिसेना, हळदीचं एक बोटसुद्धा कुठे दिसेना.

"कोकऱ्याचा!" ठमी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

रंजनाही हसली. कोकऱ्याच्या लग्नाचं जेवण म्हणजे काय हे तिला कोणी सांगायला नको होतं. शेवटच्या दिवशी प्रभू येईल, आपल्या माणसांना घेऊन जाईल आणि मग जी पंगत बसेल ती. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, तिचं वर्णन आहे. पास्टरांनी ते पंधरवड्यापूर्वीच्या मेळाव्यात रंगवून सांगितलं होतं, आणि या भोळ्या बायांनी ते इथे खरोखर मांडलं होतं. रंजनाला त्यांचं कौतुक वाटलं.

"हौस दांडगी तुमची," ती म्हणाली. "पण मे संपत आला. या दिवसांत तुमच्या कणग्यांत उंदीर उपाशी मरतात. एवढा भात आणलास कुठून?"

"बियाचा हाय."

रंजनाचा घास हातातच राहिला.

"सगल्या सा घरांचा," ठमी अभिमानाने म्हणाली. "गिरनीत नेऊन भरडून आनला. आता पेरायचा तरी कोनासाटी? तूच तं बोललीस, बाय. इळा उचलायच्या आदी धनी दारात उबा आसल, मंग कनगीतला बी कोनाला राखून ठेवता? तूच बोललीस."

शेजारी आनंदा बोटं चाटत होता. तो म्हणाला, "केवढा विश्वास, बघ. हालेलुया."

रंजनाने हातातला घास खाली ठेवला. मग सगळ्यांच्या नजरा आहेत म्हणून परत उचलला आणि गिळला. सहा घरांचं वर्ष ती पत्रावळीवरून खात होती, आणि अन्न टाकून उठायचीही सोय नव्हती.

आता ही रंजना कोण, ते सांगायला हवं. रंजना पारधे, वय वर्षे चौपन्न, राहणार खरवई, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क. बावीस वर्षं ती ट्रकच्या पावत्यांवर शिक्के मारत आली. तिथे तिचं कोणी काही ऐकायचं असतं ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. ड्रायव्हर "ओ मॅडम, जल्दी" म्हणत, मॅनेजर तेवढंही म्हणत नसे. पण रविवारी, उल्हासनगरातल्या भाड्याच्या हॉलमध्ये, तीनशे माणसं तिच्या तोंडाकडे डोळे लावून बसत. कारण पास्टर अनीश मूळचे केरळचे. उल्हासनगरात दहा वर्षं काढूनही त्यांची मराठी "पाणी पायजे"च्या पुढे सरकली नव्हती. ते हिंदीत बोलत, मध्ये मध्ये इंग्रजी, आणि त्या हिंदीलाही नारळाच्या तेलाचा वास. गावाकडून आलेल्या बायाबापड्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. म्हणून रंजना. पास्टर एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. रंजना ते मराठीत सांगायची. ते "मैं" म्हणाले की ती "मी" म्हणायची. ते रडले की तिचाही आवाज भरून यायचा. असं नऊ वर्षं.

आणि बाई गुणाची होती हो! कोरडं वाक्य तिच्याकडून कोरडं निघतच नसे. वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेडेगावच्या ख्रिस्ती देवळाचे पाळक, घरात सकाळ-संध्याकाळ वाचन, प्रार्थना, गाणी. मराठी तिच्या जिभेवर वस्तीला होती. पास्टर पिठलं वाढायचे, ती त्याला फोडणी घालायची. लोक म्हणायचे, "पास्टरपेक्षा दीदीचं जास्त लागतं." हे ऐकून ती "छे, छे, प्रभूची कृपा" म्हणायची आणि घरी येऊन दोन दिवस खुशीत असायची.

त्या संध्याकाळी खरवईला परतल्यावर तिने चहासुद्धा केला नाही. मोबाइलवर मेळाव्याचा व्हिडिओ लावला. पडद्यावर पास्टरांचा नेहमीचा तक्ता होता. डाव्या टोकाला आदाम, उजव्या टोकाला नवं यरुशलेम, मधे सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, सात वर्षांचं संकट, हजार वर्षांचं राज्य, आणि सात वर्षांच्या जरा अलीकडे एक लाल बाण: आपण येथे आहोत.

पास्टर म्हणाले, "इस फसल पर भरोसा मत रखो. मालिक दरवाज़े पर है." बस. दोन वाक्यं.

आणि मग ती. "बायांनो, पिकावर भिस्त ठेवू नका. विळा उचलायच्या आधी धनी दारात उभा असेल. पंगत मांडलेली आहे, पानं वाढलेली आहेत. कणगीतलं बी कोणासाठी राखून ठेवता?" पुढच्या रांगेत ठमीचे डोळे भरून आलेले दिसत होते. त्या क्षणी आपल्याला काय वाटलं होतं तेही रंजनाला आठवलं. आज जमलं, असं वाटलं होतं.

तिने तीन वेळा व्हिडिओ बघितला. कणगी पास्टरांची नव्हती, विळा पास्टरांचा नव्हता. बी तर नव्हतंच नव्हतं.

पास्टर सुट्टीवर गावी गेले होते. तिने फोन लावला.

"दीदी, मैंने ऐसा बोला?" पास्टर गोंधळले. "मैंने तारीख कभी नहीं दी. मैं तो तारीख देनेवालों के खिलाफ हूँ."

"नहीं पास्टर, आपने नहीं बोला. मैंने बोला."

"आप तो वही बोलती हैं जो मैं बोलता हूँ," पास्टर हसून म्हणाले. मग तिने सहा घरांचं बी सांगितलं, जेवण सांगितलं. पलीकडून एक हुंदका आला. रंजनाला वाटलं, बसला धक्का. पण पास्टर रडत होते ते हर्षाने. "क्या विश्वास है, दीदी! एलिया के ज़माने की विधवा जैसा, जिसने आखिरी मुट्ठी आटा नबी को खिला दिया. मैं बुधवार को यहाँ की कलीसिया को यह गवाही सुनाऊँगा."

"पर पास्टर, वो लोग खाएँगे क्या?"

"चर्च देखेगा ना. हम चावल भेजेंगे."

चर्चचा तांदूळ म्हणजे दिवाळीला एक गोण आणि नाताळला एक. रंजनाने फोन ठेवला. या माणसाशी तिला भांडता येत नव्हतं. नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागल्यावर त्याने दोन वर्षं जी दारू प्यायली, ती त्याची त्यालाही आठवत नव्हती, पण तिला आठवत होती. शहाडच्या पुलाखालून त्याला खांद्यावर घालून आणणारे हेच पास्टर होते. चाळीस दिवस याच माणसाने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, त्याच्या ओकाऱ्या काढल्या. आज आनंदा हॉलच्या किल्ल्या सांभाळतो, खुर्च्या लावतो, ताठ मानेने चालतो. अशा माणसाला खोटं पाडायचं कोणत्या तोंडाने? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली बाईची.

मृग आठ दिवसांवर आला होता. त्याआधी राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा-शेण पसरून जमिनीचा तुकडा जाळायचा, त्यात बी टाकायचं, रोपं वर आली की काढून खाचरात लावायची. यातला पहिला आठवडा चुकला की वर्ष चुकलं. रंजनाने एक दिवस रजा टाकली, कुळगावच्या बियाणांच्या दुकानातून सहा पिशव्या तांबड्या, जाड्या भाताचं बियाणं घेतलं आणि रिक्षात घालून एकटीच मोहवाडीला गेली. आनंदाला सांगितलं, ऑफिसात स्टॉक मोजायचा आहे.

ठमीने पाणी दिलं, चटई टाकली. ठमीचा नवरा गोमा दारात दोरी वळत बसला होता. आजूबाजूच्या दोनतीन बाया येऊन टेकल्या.

रंजनाने घसा साफ केला. माइकवर कधी घाबरत नसे, आज मात्र तिने आधी पाण्याचा तांब्या रिकामा केला. "ठमीबाई, मी चुकले. ते बियाचं पास्टर बोललेच नव्हते. मी माझ्या मनाने घातलं. बोलताना वाहवत गेले. हे बी आणलंय. राब भाजा आणि पेरा."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. ठमी तिच्याजवळ सरकली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून, लहान मुलीला समजवावं तशी म्हणाली, "बाय, तुला सैतान भुलवतो."

"अगं, सैतान कसला? मी सांगतेय ना, ते शब्द माझे होते!"

"तुजे कसे? माइकवर तुजा आवाज येगला आसतो. तवा तू नसतंस, देव आसतो. आता तू नुसती रंजनाबाय हायेस. रंजनाबाय चांगली हाय, जेवल्याबिगर सोडायची नाय तिला. पन तिचा ऐकून देवाचा मोडायचा?"

"पास्टर सांगतील तं पेरू," दुसरी एक म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

नऊ वर्षं त्या आवाजाला तिनेच पोसलं होतं, आणि आता तोच तिच्या मानगुटीवर बसला होता. स्वतःच्या तोंडाने खरं सांगायला आली तर तिचं तोंडच कोणी मोजेना.

"येवडा लांबून आनलास तं ठेव," ठमीने पिशव्यांकडे बघून म्हटलं. "फुडल्या आयतवारी याचा शिजवू."

"नको!" रंजना किंचाळली. "अगं बाई, त्याला औषध चोपडलेलं असतं. विष आहे ते, माणसं मरतील. शिजवायचं नाही, शपथ आहे तुला!"

पिशव्या गोमाने उचलल्या आणि गोठ्याच्या माळ्यावर नेऊन ठेवल्या. रंजना निघाली तेव्हा तो पायवाटेपर्यंत आला. गोमाने बाप्तिस्मा घेतला होता तो बायकोच्या मागोमाग. मेळाव्याला तो यायचा, पण मागच्या खुर्चीवर बसून डुलक्या काढायचा.

"तुम्हाला तरी पटतंय का माझं?" रंजनाने विचारलं.

"मला काय, मी उद्या पेरीन. पन ती राब भाजू देत नाय. घरात भांडान नको." त्याने बिडी काढली, परत ठेवली. "शेवट शेवट करतात, बाय. आमचा तं येकदा झाला. धरनाचा पानी चढला, जुना पाडा गेला. देवाचा झाड गेला, आयला जालली ती जागा गेली. मना वाटला, झाला. संपला जग. आन दुसऱ्या दिशी सकाली भूक लागली." तो हसला. "शेवटाच्या दुसऱ्या दिशी पन भूक लागते. ता तुज्या पास्टरच्या तक्त्यात हाय का?"

रंजनाला आबांची, आपल्या वडिलांची, आठवण आली. आबा प्रकटीकरण वाचायचे तेव्हा घरात कोणी घाबरत नसे. ते म्हणायचे, "हे पंचांग नव्हे, पोरी. हे पत्र आहे. कैदेतल्या माणसाने अडचणीतल्या माणसांना लिहिलेलं. रोमच्या बादशहाने जीव नकोसा केला होता त्यांचा, म्हणून देवाने त्यांना निरोप धाडला, की धीर धरा, शेवटचा शब्द बादशहाचा नाही, माझा आहे. आता पत्र आलं म्हणून घरातल्यांनी चूल विझवून बसायचं का?" आबांच्या देवळात चाळीस माणसं असायची. पास्टरांच्या हॉलमध्ये तीनशे. चूल पेटती ठेवा हे ऐकायला कोण येतो?

शनिवारी पास्टर परतले. रंजना ऑफिसमधून परस्पर त्यांच्याकडे गेली.

"पास्टर, कल स्टेज से बस इतना बोलिए. बीज बोओ. बाकी मैं सँभाल लूँगी."

पास्टरांनी तिच्या पुढ्यात केळ्याचे वेफर्स ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर खरी कळकळ होती, हेच तर अवघड होतं. लबाड माणूस असता तर रंजनाने तोंडावर चार सुनावले असते. "दीदी, उन्होंने प्रभु के लिए सब छोड़ा. मैं उनको बोलूँ कि वापस उठा लो? और अगर प्रभु इसी साल आ जाए, तो मैं क्या मुँह दिखाऊँ?"

"और नहीं आए तो?"

"दीदी," पास्टर हळूच म्हणाले, "आप थक गई हैं. आओ, प्रार्थना करते हैं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तिने डोळे मिटून ती ऐकून घेतली. घरी येताना तिला एकच भीती खात होती, आणि ती पास्टरांची नव्हती. प्रकटीकरणाच्या अगदी शेवटच्या पानावर ताकीद आहे. या संदेशाच्या वचनांत जो कोणी भर घालील, त्याच्यावर देव यातल्या पीडा आणील. ते पान तिने स्वतःच कितीदा स्टेजवरून सांगितलं होतं. एकदा भर घातली ती वाहवत जाऊन. आता जाणूनबुजून घालायची? ती देवाला मानणारी बाई होती हो, नुसती बोलणारी नव्हती.

रविवारी हॉल भरला. मोहवाडीच्या बाया पुढे, पांढऱ्या ओढण्या डोक्यावर. गोमा मागे. पडद्यावर तक्ता. लाल बाण मे महिन्यापेक्षा उजवीकडे सरकल्यासारखा रंजनाला वाटला, पण तसं काही नसावं.

"तैयार रहो," पास्टर म्हणाले.

"तयार राहा," रंजना म्हणाली.

"मालिक अचानक आएगा."

"धनी अचानक येईल."

"उस दिन मालिक अपने नौकरों को देखेगा."

रंजनाने माइक दोन्ही हातांनी धरला. "त्या दिवशी धनी आपल्या चाकरांना बघेल. काय बघेल? चाकर ओट्यावर बसून रस्त्याकडे टकामका बघतोय, असं बघेल? का चाकर चिखलात उभा राहून रोप लावतोय, असं बघेल? बायांनो, धन्याने जे काम नेमून दिलंय त्या कामावर जो सापडेल त्यालाच तो पंगतीला बसवणार आहे. तुम्हाला काम काय दिलंय? राब भाजा. उद्याच भाजा. घरात बी असेल ते पेरा. तो येईल तेव्हा तुमच्या हाताला चिखल लागलेला असू द्या, तो चिखल बघून तो तुम्हाला ओळखेल."

पास्टर तिच्याकडे बघत होते. एका वाक्याचं एवढं मराठी? पण तेवढ्यात पुढच्या रांगांतून "आमेन" असा गजर उठला की पत्रे हादरले. ठमी उभी राहून दोन्ही हात वर करून रडत होती. गजर ऐकून पास्टरांचाही चेहरा फुलला आणि ते दुप्पट जोराने पुढच्या वाक्याकडे वळले. भक्ती संपल्यावर म्हणाले, "दीदी, आज तो आपने आग लगा दी."

घरी आल्यावर आनंदाने शर्टही बदलला नाही. खुर्चीत बसला. "रंजना, ते पास्टर बोलले नव्हते."

"नव्हते."

"हिंदी मलाही कळते. अगं, पवित्र गोष्ट आहे ही. उद्या कोणी त्यांना दाखवून दिलं म्हणजे? हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, मी कोणत्या तोंडाने उभा राहू त्यांच्यापुढे?"

"मागच्या वेळी पण ते बोलले नव्हते," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही आमेन म्हणालात."

आनंदाने शर्टाचं वरचं बटण काढलं. मग म्हणाला, "ताकीद आहे पुस्तकात. भर घालणाऱ्यावर पीडा येते."

"ठाऊक आहे मला," रंजना म्हणाली आणि तिला एकदम रडू फुटलं. "ठाऊक आहे हो. येऊ दे माझ्यावर. सहा घरांवर नको."

आनंदा उठला. त्याने कुकर लावला. लग्नाच्या तीस वर्षांत त्याने कुकर लावल्याचं तिला आठवत नव्हतं. तीनच्या जागी सात शिट्ट्या झाल्या आणि भाताचा लगदा झाला. दोघांनी तोच खाल्ला.

मोहवाडीत दुसऱ्याच दिवशी राब भाजले. गोमाने माळ्यावरच्या पिशव्या काढल्या. पेरलं, उगवलं, लावलं. रंजना त्या पावसाळ्यात एकदाही तिकडे गेली नाही. ऑफिसात शिक्के मारत राहिली, रविवारी माइक धरत राहिली. मनाशी तिने ठरवलं होतं की आता एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. पास्टर पिठलं वाढतील तर पिठलंच द्यायचं, बिनफोडणीचं. लोक म्हणू लागले, दीदीचा आवाज बसला की काय? ती म्हणायची, वय झालं.

कार्तिकात हॉलमध्ये हंगामाची उपकारस्तुती झाली. ज्याने त्याने पिकवलेलं, विकत घेतलेलं, घरी केलेलं काही ना काही आणून स्टेजसमोर ठेवायचं, हा जुना रिवाज. उल्हासनगरवाल्यांनी फळांच्या करंड्या आणल्या, कोणी पापडाची पाकिटं, कोणी बिस्किटांचे पुडे. आणि मोहवाडीच्या सहा बाया डोक्यावर सहा टोपल्या घेऊन आल्या. नवा तांदूळ. तांबडा, जाडा. हॉलभर त्याचा वास सुटला.

पास्टरांनी ठमीला स्टेजवर बोलावलं. "बहन, गवाही दो." रंजनाने तिच्यापुढे माइक धरला. आज उलटा प्रकार होता. ठमी बोलणार आणि रंजना ते पास्टरांना हिंदीत सांगणार.

ठमी पास्टरांच्या पायाशी टोपली ठेवून उभी राहिली. "आमी बी शिजवून खाल्ला व्हता. ही रंजनाबाय आमच्या घरी आली, उनातान्हात बी घेऊन. आमाला बोलली, चुकला, पेरा. आमी तिचा ऐकला नाय. तिला सैतान लागला बोललो. मंग पास्टर, तुमी माइकवरून सांगितलात. तवा पेरला. तुमच्या सांगन्यानी आमची पोरां जेवतात." बोलता बोलता ती वाकली आणि पास्टरांच्या पायांना हात लावला.

पास्टर मागे सरले. "नहीं नहीं, बहन, पैर नहीं." मग रंजनाकडे वळले. "क्या बोली, दीदी?"

पहिल्या रांगेत आनंदा होता. तो खुर्चीच्या टोकाशी सरकून बसला. त्याला सगळं कळलं होतं, मराठी कळणाऱ्या अर्ध्या हॉलला ऐकू आलं होतं. अर्धी माणसं रंजनाकडे बघत होती आणि अर्धी, काहीच न कळलेली, वाट बघत होती.

रंजना म्हणाली, "बोल रही है, आपकी बात मानी. इसलिए बच्चों को खाना मिला."

"बस इतना?"

"बस इतना."

पास्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी वाकून टोपलीतले मूठभर तांदूळ उचलले आणि हात उंच केला. दाणे त्यांच्या मनगटावरून खाली सांडले. "देखो!" ते म्हणाले. आवाज कापत होता, आणि त्यात कसलंही ढोंग नव्हतं. "देखो, प्रभु कितना भला है! और भाइयो, बहनो, कौन जाने, हो सकता है यही हमारी आखिरी फसल हो."

ते थांबले. नऊ वर्षांच्या सवयीने थांबले. ठमीने पास्टरांकडून नजर काढली आणि रंजनाच्या तोंडाकडे लावली. तिच्या मागच्या पाच जणींनीही लावली.

बिनफोडणीचं द्यायचं, असं ठरलं होतं. वाक्य सोपं होतं, एका दमात झालं असतं. रंजनाने माइक आपल्या तोंडाशी आणला.

"बियाचं आजच वेगळं काढून ठेवा," ती म्हणाली.

ठमीने मान डोलावली. पास्टर पुढच्या वाक्याला लागले.